अण्णांना पनामाचा कालवा दाखवला

ट्रिपहून परतल्यावर ऑफिसात जो तो विचारायचा, "पनामा कसं होतं?" मी म्हणायचे, "ग्रँड." आयर्लंडमध्ये बारा वर्षं काढल्यावर एवढं कळलंय की पाय मोडून घरी बसलेला माणूसही इथे "ग्रँड"च असतो. त्यापुढे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मला ते बरंच पडलं, कारण मी तिथून अक्षरशः सुन्न होऊन परतले होते. वर्ष उलटलं तरी तो धक्का पुरता उतरलेला नाही. सध्या साथीमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आहे, घरातलं प्रत्येक कपाट तीनतीनदा आवरून झालंय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झाले. मूळचे नगरकडचे. उभा जन्म धरणं, पाट आणि चाऱ्या यांत गेला. लहानपणी आमच्या भिंतीवर देवाबरोबर एका कॅलेंडरातून कापलेलं पनामा कालव्याचं चित्र होतं. आई उदबत्ती ओवाळताना मुद्दाम त्या चित्रापुढेही एक फेरी मारायची आणि अण्णांकडे बघून हसायची. आई गेल्यावर दोन वर्षांनी, २०२०च्या जानेवारीत, अण्णा माझ्याकडे, डब्लिनजवळच्या नास गावी, राहायला आले. बहात्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. अमेरिकेतल्या माझ्या भावाकडे जाऊन आल्यामुळे त्यांच्याकडे तिथला व्हिसा होता आणि त्याच्या जोरावर पनामात शिरता येत होतं. माझा नवरा निखिल म्हणाला, इराची शाळा मी सांभाळतो, तुम्ही बापलेक जाऊन या. इरा नऊ वर्षांची. तिने आजोबांना "हॅव द क्रेक, आजोबा", म्हणजे मजा करा, असा आयरिश आशीर्वाद दिला आणि फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही निघालो.

विमानं, रांगा आणि अण्णांच्या चिवड्याची तपासणी यांबद्दल काही लिहीत नाही. चिवडा सुटला, एवढं पुरे.

पोर्टोबेलो

पनामाचा कॅरिबियन किनारा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू आणि छत्र्या होत्या. पहिला दणका कोलोन शहरातच बसला. एकेकाळच्या देखण्या, लांबलचक गॅलऱ्यांच्या इमारती, आणि त्यांच्या भिंतींतून पिंपळासारखी झाडं उगवलेली. वरच्या मजल्याला छप्पर नाही आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेले. शेजारच्याच बंदरात डोंगराएवढाले कंटेनर. आमच्या यजमानीण गाडी चालवता चालवता शांतपणे म्हणाल्या, "काचा वर घ्या." मी घेतल्या, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली.

या यजमानीण म्हणजे मिस व्हर्ना. वय पासष्टच्या पुढे, अंगाने भरलेल्या, डोक्याला पिवळा रुमाल. त्यांचे आजोबा कालवा खणायला बार्बाडोसहून आलेले, त्यामुळे घरात इंग्रजी बोलतात. पोर्टोबेलोत त्यांच्या घराच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात आणि पाहुण्यांना फिरवतातही स्वतःच. तिथे सगळे त्यांना मिस व्हर्ना म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. अण्णा त्यांच्याशी सरकारी पत्रातलं इंग्रजी बोलत आणि त्या अण्णांना "इंजिनियर" अशी हाक मारत. अण्णांची कॉलर लगेच ताठ झाली.

पोर्टोबेलो हे खाडीच्या काठचं एवढंसं गाव. स्पॅनिश लोक दक्षिण अमेरिकेतली चांदी इथून जहाजात भरत, म्हणून खाडीच्या दोन्ही अंगांना किल्ले. किल्ले म्हटल्यावर आपण चढायच्या तयारीने जातो. इथे किल्ला म्हणजे रस्त्याकडेचा गुडघाभर उंचीचा उंबरा, ओलांडला की आत. शेजारच्या घराची मागची भिंत आणि किल्ल्याची तटबंदी एकच. तोफा होत्या तशाच समुद्राकडे तोंड करून, आणि प्रत्येक तोफेवर एकेक काळं गिधाड पंख पसरून ऊन खात बसलेलं. मी जागीच थबकले. मिस व्हर्ना म्हणाल्या, "ती रोजचीच आहेत. तुम्ही जिवंत असाल तर काही करत नाहीत."

अण्णा गिधाडांकडे न बघता खिशातून स्टीलचा टेप काढून तटाची जाडी मोजायला लागले. दगड समुद्रातल्या पोवळ्याचा, हाताला खरखरीत, मधमाशांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. "चुना उत्तम आहे," असा शेरा मारून त्यांनी डायरीत आकडा लिहिला. एक आकडा चुकला तेव्हा त्यांनी ते अख्खं पान फाडून दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहून काढलं. ही त्यांची जुनी खोड. माझ्या शाळेच्या वहीत एक अंक गिरवलेला दिसला, तर ते पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायचे. खाडाखोड त्यांना खपत नाही.

माझी नोकरी याच्या नेमकी उलटी. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कागदपत्रं तपासते. आमच्याकडे पान फाडणं हा गुन्हा. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे. ट्रिपच्या आदल्या वर्षी एकाने गुपचूप आकडा बदलला होता. ते मी पकडलं आणि त्याची नोकरी गेली. मला दोन रात्री झोप नव्हती. अण्णांनीच फोनवर सांगितलं होतं, "बरोबर केलंस."

दुपारी जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेला भात. त्यात हिरवे दाणे बघून अण्णांचा चेहरा फुलला. "अगं, या ओल्या तुरी आहेत." खरंच तुरीच होत्या. पंधरा हजार किलोमीटरवर आपली तूर भेटल्यावर त्यांनी तीनदा भात घेतला. अण्णा मासे खात नाहीत हे मिस व्हर्नांच्या पचनी पडेना. समुद्रावर येऊन मासा नाही? कोळंबीही नाही? शेवटी त्यांनी आजारी माणसाला द्यावीत तशी कीव करत कच्च्या केळ्याची चेचून तळलेली कापं वाढली. त्यांवर आमचा चिवडा भुरभुरून त्यांनी स्वतः खाल्ला तेव्हा मात्र उरलेली पिशवीच ठेवून घेतली.

संध्याकाळी चर्चमध्ये गेलो. तिथे काळ्या ख्रिस्ताची मूर्ती आहे, खांद्यावर क्रूस, अंगावर जांभळा मखमली झगा. ऑक्टोबरात लोक लांबून चालत येतात, शेवटचा टप्पा काहीजण गुडघ्यांवर रांगत. मिस व्हर्ना म्हणाल्या, "याच्याकडे चोर-दरोडेखोरही माफी मागायला येतात. तो नाही म्हणत नाही."

अण्णा देवळात न जाणारे. ते म्हणाले, "माफी याच्याकडे का? ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे मागावी."

"त्याचा पत्ता कधीकधी माहीत नसतो, इंजिनियर."

अण्णा पुन्हा मूर्तीकडे वळले. मी बाहेर येऊन दोन नारळ फोडून घेतले, पाणी पिऊन झालं, खोबरं खाऊन झालं, तरी ते आतच. मला वाटलं, छपराच्या तुळया बघत असतील.

गातून

तिसऱ्या दिवशी कालवा. अण्णांनी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. कालव्याची अटलांटिककडची दारं गातूनला आहेत. तिथे उंचावर एक सज्जा आहे, त्यावरून एका अंगाला दारं आणि दुसऱ्या अंगाला धरणाचं अफाट सरोवर दिसतं.

मी चित्र पाहिलेलं होतं, व्हिडिओ पाहिले होते, तरी हादरले. अख्खी इमारत आडवी केल्यासारखं जहाज, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत वर उचललं जातं. आवाज नाही, धडधड नाही. पाणी शिरतं आणि जहाज जिना चढतं. अण्णांनी कठडा घट्ट धरला होता. "पंप नाही, मंजू. एकसुद्धा पंप नाही. वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडतात, बस." हेच त्यांनी शेजारच्या डच जोडप्याला सांगितलं, मग एका शाळेच्या सहलीला सांगितलं, मग परत मला. त्यांचे डोळे भरून आले होते. आई इथे हवी होती, असं मला फार वाटलं.

मग ते सरोवराकडे वळले. पाण्यातून जागोजागी वठलेल्या झाडांचे काळे शेंडे वर आलेले होते. शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं जंगल अजून उभं होतं.

मिस व्हर्ना बोटाने दाखवत म्हणाल्या, "त्या बेटाच्या अलीकडे माझ्या आजीचं गाव होतं. आईच्या आईचं. चर्च, दुकानं, केळीच्या बागा, सगळं पाण्याखाली."

अण्णांनी खात्यातला माणूस विचारील तसं विचारलं, "रीतसर नोटीस मिळाली होती?"

मिस व्हर्ना हसल्या. "साहेब आला होता ना. चांगला होता, आजीच्या हातची कॉफी प्यायला. म्हणाला, पाणी आंब्याच्या झाडापर्यंत येईल, तुमच्या घराला भीती नाही. पाणी स्वयंपाकघरात आलं. आजी म्हणायची, माणूस आहे, चुकला असेल. तिचा राग पाण्यावर नव्हताच. तो साहेब परत कधी आला नाही, यावर होता. म्हणायची, आला असता तर मी त्याला पुन्हा कॉफी दिली असती."

मी काहीतरी सहानुभूतीचं बोलले. अण्णांकडे बघितलं तर ते खाली पायरीवर बसलेले, चेहरा पांढराफटक. मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी दिलं, त्यांनी बाटली हातात धरली आणि प्यायचं विसरून गेले. मागे दुसरं जहाज आत येत होतं. ज्या माणसाने ते बघायला पन्नास वर्षं वाट पाहिली, त्याने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

सान लोरेन्झो

मी म्हटलं, परत जाऊ. अण्णा म्हणाले, "नाही, ठरलंय ते करू." कालव्यावरचा नवा उंच पूल ओलांडून, दाट रानातून तासभर गाडी गेली. माकडं वाघासारखी ओरडत होती. एरवी अण्णांनी शंभर प्रश्न विचारले असते.

सान लोरेन्झोचा किल्ला मात्र किल्ल्यासारखा आहे. समुद्रात घुसलेला कडा, भोवती खंदक, खाली चाग्रेस नदीचं मुख. नदीचं गढूळ पाणी निळ्या समुद्रात शिरताना स्पष्ट वेगळं दिसत होतं. मिस व्हर्ना सावलीत थांबल्या. आम्ही दोघं तटावर गेलो.

"ही तीच नदी," अण्णा म्हणाले. "धरणात अडवलेली. उरलेली इथे येते." मग नदीकडेच बघत म्हणाले, "मंजू, गेनूभाऊचं घर मी बुडवलं."

मला काही कळेना. गेनूभाऊ कोण? घरात हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, आणि आजवर मी जेवढ्या गोष्टी ऐकल्या त्यांत ही सर्वांत सावकाश सांगितलेली असेल.

अण्णा चोवीस वर्षांचे होते. धरणाचं पाणी कुठवर चढणार त्या रेघेवर दगड रोवत जायचं काम त्यांच्याकडे होतं. दगडाच्या खाली बुडीत, वर सुरक्षित. एका संध्याकाळी, उजेड कमी झालेला असताना, हिशेबात वजा करायचं तिथे त्यांनी मिळवलं. दगड जिथे रोवायचा त्याच्या बराच खाली रोवला गेला. वर गेनूभाऊचं घर होतं. गेनूभाऊने चहा दिला आणि विचारलं, "सायेब, माझं घर ऱ्हातंय न्हवं?" अण्णा म्हणाले, "राहतंय." तेवढ्यावर विसंबून गेनूभाऊने नवीन गावठाणात जागेसाठी नाव दिलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात धरण भरलं आणि पाणी घरात शिरलं. माणसं वाचली. धान्य, भांडी, दोन शेळ्या गेल्या.

"चूक झाली, अण्णा," मी म्हटलं. "चोवीस वर्षांचे होतात."

"पुढचं ऐक. मोठे साहेब चौकशीला येणार होते. आदल्या दिवशी पहाटे मी दोन मजूर घेऊन गेलो. दगड उपटला आणि गेनूभाऊच्या घराच्या वर, जिथे असायला हवा होता तिथे, नेऊन पुरला. उंचीची मोजमापं लिहायच्या लेव्हल बुकातलं पान फाडलं. नवीन पान लिहिलं. स्वच्छ."

पान. मी ऐकत होते आणि मला वहीतली ती सगळी पानं दिसत होती, रडत रडत पुन्हा लिहिलेली.

"साहेबांसमोर गेनूभाऊ ओरडून सांगत होता, दगड हलवलाय, दगड हलवलाय. साहेबांनी पुस्तक बघितलं. पुस्तक बरोबर होतं. म्हणाले, घर पहिल्यापासून रेघेच्या आत आहे, हा माणूस खोटं बोलतोय. सगळे हसले. मी तिथेच उभा होतो. गेनूभाऊने माझ्याकडे बघितलं, की मी तरी बोलेन. मी नाही बोललो. गावठाणाची मुदत संपलेली. त्याला जागा मिळाली नाही. मी बदली मागून घेतली आणि परत त्या गावात गेलो नाही."

मला संताप आला. खरं सांगते, कीव नाही, दुःख नाही, नुसता संताप. मी म्हणाले, "माझ्या कारखान्यातल्या त्या माणसाची नोकरी गेली, तेव्हा तुम्ही मला म्हणालात बरोबर केलंस."

"बरोबरच केलंस."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

मी त्यांना तिथेच सोडून खाली उतरले. आपल्या बापाविषयी माणसाला चार गोष्टी पक्क्या माहीत असतात. माझ्या चारही गोष्टी एकच होत्या: अण्णा खोटं करत नाहीत. मिस व्हर्नांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाण्याची बाटली दिली.

बेटावर

दुसऱ्या दिवसाचं बेटाचं बुकिंग आधीच झालेलं. बोटीने दहा मिनिटं, मग माझ्या डोळ्यांपुढची ती वाळू, ते माड, तो निळा रंग, सगळं जसंच्या तसं. मला त्यातलं काही नको होतं. मी झाडाखाली पुस्तक उघडून बसले आणि एक पानही उलटलं नाही. अण्णा फुल पँटच्या घड्या घालून पाण्यात उभे होते, माझ्याकडे पाठ करून. तेवढ्यात एक लाट आली, ते धडपडले, उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी चेहरा चाचपायला लागले. चष्मा गेला होता.

आम्ही तासभर शोधला. बेटावरची चार माणसंही गुडघाभर पाण्यात वाकून शोधत होती. समुद्राने काही तो परत दिला नाही. दुसरा चष्मा नासला टेबलाच्या खणात. अण्णांचा नंबर इतका मोठा की चष्म्याविना त्यांना स्वतःच्या हाताची बोटं धड दिसत नाहीत.

मग मला त्यांचा हात धरावाच लागला. बोटीत चढताना, उतरताना, पायऱ्यांवर, संडासापर्यंत. ताटात काय आहे ते सांगावं लागलं. आदल्या दिवशी ज्या माणसाशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्याला दिवसभर सांगत होते, "पुढे खड्डा आहे. आता पायरी. भात डावीकडे." त्यांचा हात म्हाताऱ्या माणसाचा होता, पातळ कातड्याचा. राग गेला नव्हता, पण हात धरून चालताना रागावणं फार अवघड असतं.

निघताना मिस व्हर्नांनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. काय झालंय ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "इंजिनियर, तुम्हाला पत्ता माहीत आहे का?"

अण्णा म्हणाले, "गाव माहीत आहे."

नास

परत आलो आणि आठवडाभरात शाळा बंद झाल्या. मग सगळंच बंद. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पाऊलही टाकायचं नाही असा नियम आला. भारतात जाणारी विमानं थांबली. अण्णा आमच्या मागच्या खोलीत अडकले, खणातला जुना चष्मा लावून. इराला गणित शिकवायचे. ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, ते मराठीत ओरडायचे, आणि दोघांचं उत्तम चालायचं. माझं आणि त्यांचं बोलणं चहा-जेवणापुरतं होतं.

एका दुपारी मी लॅपटॉपवर काम करत होते. अण्णा समोर येऊन बसले आणि म्हणाले, "खात्यातल्या एकाला फोन केला होता. गेनूभाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी आहे, सुमन. तालुक्याला असते. नंबर मिळालाय." मग म्हणाले, "तू जवळ बसशील?"

मी बसले. फोन स्पीकरवर ठेवला. सुमनताईंचा आवाज पन्नाशीतल्या बाईचा, घाईतला. अण्णांनी आपलं नाव, त्या वेळचा हुद्दा सांगितला आणि मग एका दमात, न अडखळता, सगळं सांगितलं. दगड, पहाट, पान. मग त्या म्हणाल्या, "आमचे दादा मरेपर्यंत म्हणायचे, दगड हलवला. जेवताना म्हणायचे, लग्नात म्हणायचे. लोक येडा गेनू म्हणायचे. साहेब, आम्ही पोरंसुद्धा म्हणायचो, दादा, पुरे करा आता, किती खोटं बोलाल."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"शेवटी शेवटी तर ते बोलायचेच बंद झाले होते," सुमनताई म्हणाल्या. आणि मग, "लिहून द्याल का हे?"

"देतो. मंजू आत्ता फोटो काढून पाठवील."

"फोटो नको. कागद पाहिजे. आणि तुम्ही स्वतः घेऊन या. दादांचं श्राद्ध असतं पौषात, सगळी भावकी जमते. तिथे वाचा."

अण्णा "येतो" म्हणाले. तेव्हा विमानं कधी सुरू होणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

पत्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. मी टाईप करून देते म्हटलं तर नको म्हणाले, हातचं पाहिजे. दोन दिवस लागले. शेवटच्या परिच्छेदात "दगड मी हलवला" असं लिहायच्या जागी त्यांच्या हातून "दगड हलवला गेला" असं गेलं. सरकारी सवय. त्यांचा हात पान फाडायला कोपऱ्याकडे गेला, आणि मी बघत होते, तो तिथेच थांबला. मग त्यांनी पट्टी घेतली, त्या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, वर "दगड मी हलवला" लिहिलं, सही केली, तारीख घातली. हे मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. माझ्या कामाबद्दल मी बोलत असताना ते ऐकत असत, एवढंच.

इरा वाकून बघत म्हणाली, "यू कॅन स्टिल रीड इट, आजोबा."

"वाचता यायलाच पाहिजे," अण्णा म्हणाले.

ऑगस्टमध्ये एका खास विमानात जागा मिळाली. तोंडाला दोन मास्क, वर प्लास्टिकचा पडदा आणि शर्टाच्या आतल्या खिशात ते पत्र, असे अण्णा डब्लिन विमानतळावरून आत गेले. मला शेवटपर्यंत वाटत होतं, काही ना काही कारण निघेल. वय, साथ, गुडघे. कारणांना काय तोटा होता?

जानेवारीत, श्राद्धाच्या दिवशी, मी कामावर फोन हातात धरूनच होते. बाहेर अंधारून आलं होतं आणि बर्फाचा चुरा पडत होता. सकाळी नऊला, तिकडे दुपार असताना, त्यांचा फोन आला. मागे माणसांची गडबड, भांड्यांचा आवाज.

"वाचलं?" मी विचारलं.

"वाचलं. मोठ्यानं वाचा म्हणाले. मग धाकट्या जावयाने अजून एकदा वाचायला लावलं, मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. म्हातारी माणसं उठून गेली. एकजण रडत होता, साहेबांच्या चौकशीच्या वेळी हसणाऱ्यांत होता म्हणे. सुमनने पत्र घडी करून आत ठेवलं."

मला मिस व्हर्नांची आजी आठवली, ती कॉफी आठवली. विचारू की नको असं झालं, पण विचारलंच. "अण्णा, त्यांनी तुम्हाला चहा दिला का?"

मागची गडबड लांब गेली; ते फोन घेऊन बाजूला आले असावेत.

"दिला," अण्णा म्हणाले. "आधी गेनूभाऊच्या फोटोपुढे एक कप ठेवला. मग मला दिला."